पोत्याचा टाका

१

आर्डिस टोलेफसनच्या हाताशी एका वेळी चार-पाच गोधड्या असायच्या आणि त्यांतली एकही लवकर पुरी व्हायची नाही. पुढच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, लाकडी चौकटीवर एक ताणलेली असायची. दुसरीचे तुकडे जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मांडलेले, तिसरी चर्चच्या बायकांसाठी, आणि चौथी नणंदेच्या मुलीच्या लग्नासाठी. त्या मुलीला आता दोन पोरं झाली होती, तरी गोधडीची किनार शिवायची राहिलीच होती. आर्डिसचा नवरा व्हर्लिन म्हणायचा, की आता ही त्या पोरांच्याच लग्नात द्यावी लागणार.

हिवाळा गोधड्यांचा आणि उन्हाळा बागेचा, असं त्या दोघांचं ठरून गेलं होतं. विस्कॉन्सिनच्या त्या डोंगराळ भागात जानेवारीत बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकतं. तेव्हा ती टाके घालायची आणि तो तिच्याशेजारी बसून बियाण्यांचे कॅटलॉग चाळत टोमॅटोच्या चित्रांवर पेन्सिलीनं खुणा करायचा. मार्चमध्ये खिडकीत रोपं यायची. एप्रिलमध्ये जमीन हाताला गार पण मऊ लागली की मटार. मग रूबार्बचे लाल देठ, मग स्ट्रॉबेरी. गायी विकून टाकल्यापासून व्हर्लिनचा सगळा जीव त्या वाफ्यांत होता. आर्डिसचा डावा पाय अधू होता, त्यामुळे ती वाफ्याच्या कडेला स्टूल टाकून बसायची आणि तिथूनच तण उपटायची.

एक गोधडी मात्र तिनं कधी सुरूच केली नव्हती. वरच्या लहान खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी सीडरच्या लाकडाची एक पेटी होती. तीत मार्गिटचे कपडे होते. मार्गिट त्यांची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची असताना गेली, त्याला तीस वर्षं झाली होती. त्या कपड्यांची गोधडी करायची असं आर्डिस दर हिवाळ्यात म्हणायची आणि दर हिवाळ्यात दुसरंच काहीतरी चौकटीवर चढवायची.

त्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरनं मोतीबिंदू वाढू लागलाय म्हणून सांगितलं. घरी आल्यावर तिनं कोट काढला, जिन्याचा कठडा धरून वर गेली आणि पेटी उघडली.

कपडे थोडेच होते आणि तिला सगळे पाठ होते. बदकांचा पिवळा, निळ्या कॉलरचा शाळेचा, ख्रिसमसचा मखमली. एकेक काढून तिनं पलंगावर ठेवला. मखमलीच्या खाली आणखी एक होता. हिरव्या चौकड्यांचा. तिनं तो उचलून समोर धरला, आणि फ्रॉकची खालची कड तिच्या गुडघ्यांच्या खाली गेली.

फ्रॉक बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा होता. पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, गवताचे न गेलेले डाग होते.

२

तिनं आधी स्वतःलाच वेड्यात काढलं. तीस वर्षांत माणूस काय काय विसरतं. नणंदेच्या, लव्होनच्या मुलींचा असेल. तिनं लव्होनला फोन केला. लव्होन म्हणाली, की माझ्या मुलींनी चौकड्यांचं कापड कधी अंगाला लावलं नाही, आणि तू आता दुसऱ्यांचे कपडेही गोधड्यांसाठी पळवायला लागलीस की काय. दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर आर्डिसला आपण का हसलो ते कळेना.

व्हर्लिनला तिनं जेवताना सांगितलं. मार्गिटचं नाव घरात क्वचित निघायचं, म्हणून तिनं ‘वरच्या पेटीत’ एवढंच म्हटलं. तो म्हणाला, की चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीतून आणलेला असशील, तू चिंधी म्हणून टाकत नाहीस. मग तो मटार उगवून आल्याचं सांगू लागला.

ते पटण्यासारखं होतं. फक्त त्या फ्रॉकची लांबी दोनदा वाढवलेली होती. दुमडीच्या दोन जुन्या रेघा फिकट होऊन कापडावर राहिल्या होत्या. कुणीतरी वाढत होतं आणि कुणीतरी दुमड उसवून पुन्हा घालत होतं. शिवाय त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास नव्हता. उन्हात वाळल्याचा वास होता, आणि गोठ्याचा. गोठा रिकामा होऊन पाच वर्षं झाली होती.

३

जूनमध्ये रूबार्ब संपला आणि स्ट्रॉबेरी लागल्या. आर्डिस सकाळभर जॅम करत स्वयंपाकघरात उभी असायची. अशाच एका सकाळी तिला वर आवाज ऐकू आला. लाकडावर लाकूड टेकल्याचा. शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असताना पेटीचं झाकण जसं हातानं तोलत खाली आणतात, तसा.

व्हर्लिन खिडकीतून दिसत होता. गुडघ्यावर बसून तो स्ट्रॉबेरी तोडत होता.

तिनं गॅस बंद केला आणि वर गेली. खोलीत कुणी नव्हतं. पेटीत, सगळ्यांत वर, एक राखाडी लोकरी घागरा होता आणि एक पांढरा ब्लाउज. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा. काखेत घामानं कापड पिवळं पडलं होतं. आर्डिसनं तो नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. तो वास कुणा जिवंत माणसाचा होता.

जुनं घर, उन्हाळ्यात लाकूड फुगतं, आवाज येतात, असं तिनं स्वतःला सांगितलं. त्या दिवशी तिनं झाकणाच्या फटीवर शिवणाचा पांढरा दोरा आडवा चिकटवला. पुढच्या आठवड्यात दोरा होता तसाच होता. आत एक पिवळा उन्हाळी ड्रेस आला होता. एक बटण निराळ्या रंगाचं होतं.

व्हर्लिनला तिनं हे सांगितलं नाही. काय सांगणार होती? आणि खरं म्हणजे भीतीच्या जोडीला दुसरंही काहीतरी तिच्या मनात आलं होतं, ते कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं. ती वाट पाहू लागली होती. चौकटीवरच्या गोधडीवर धूळ बसली. बागेत शेपू कमरेएवढा झाला, काकड्या लागल्या, बरण्या भरल्या, आणि मधूनच ती हात पुसून वर जायची.

४

ऑगस्टमध्ये एका दुपारी दोघं मागच्या ओसरीवर बसले होते. व्हर्लिन घेवड्याच्या शेंगा मोडून पातेल्यात टाकत होता. आर्डिसनं तो राखाडी घागरा मांडीवर घेतला होता. एका बाजूला तो वीतभर फाटला होता आणि कुणीतरी तो फार वाईट शिवला होता. जाड दोरा, लांब-लांब टाके. असं शिवलेलं तिला बघवेना, म्हणून उसवून नीट करावं असं तिच्या मनात होतं.

“हे कुणाचं?” व्हर्लिननं विचारलं.

“तेच बघतेय. कुणी शिवलंय देव जाणे. पोतं शिवावं तसं.”

व्हर्लिननं शेंगा खाली ठेवल्या, हात पँटला पुसले आणि घागरा ओढून घेतला. टाक्यांवरून त्यानं अंगठा फिरवला. दर तिसऱ्या टाक्याला एक गाठ होती, एक टाका तुटला तर बाकीचे सुटू नयेत म्हणून मारतात तशी. आणि सगळे टाके डाव्या हातानं घातलेले होते, उलट्या बाजूनं कललेले.

व्हर्लिन डावखुरा होता. गोठ्यात खाद्याची पोती तो दाभणानं असाच शिवायचा. त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. त्यानं आयुष्यात दुसरं काही शिवलेलं आर्डिसनं पाहिलं नव्हतं.

त्यानं घागरा उजेडाकडे धरला.

“हा माझा टाका आहे, आर्डिस,” मग तो म्हणाला. “मी हे कधी शिवलं?”

५

सन बावन्नच्या ऑगस्टमध्ये, जत्रेच्या आठवड्यात, त्या भागात पोलिओची साथ आली होती. मार्गिटला सोमवारी ताप चढला आणि आर्डिसला लगेच तिच्यामागून. दोघींना एकाच गाडीतून शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. आर्डिस शुद्धीवर आली तोवर मार्गिटला पुरूनही झालं होतं. व्हर्लिननं ते एकट्यानं केलं. आर्डिसनं मुलीची शवपेटी पाहिली नाही, खड्डा पाहिला नाही. घरी आली तेव्हा थडग्यावर गवत उगवून आलं होतं.

व्हर्लिननं ते सगळे कपडे बघायला मागितले. दोघांनी मिळून ते वरच्या पलंगावर मापानं लावले. हिरवा चौकड्यांचा, मग एक जांभळा, मग घागरा, पिवळा ड्रेस, आणि पुढचे, पेटीतून त्या दिवशी निघालेले, मोठ्या बाईचे. पलंग पुरेना म्हणून शेवटचे खुर्चीवर ठेवले.

लहान मापांवर सगळीकडे व्हर्लिनचे टाके होते. सुरुवातीचे तर बघवत नव्हते. एका दुमडीला एक बाजू दुसरीहून बोटभर खाली. हळूहळू ते सुधारत गेले होते. पिवळ्या ड्रेसवरचं ते निराळ्या रंगाचं बटण चार भोकांतून नीट फुली घालून लावलेलं होतं. आर्डिसच्या हातचा एकही टाका कुठे नव्हता. तिनं पुन्हा सगळे उलटे करून पाहिले.

मोठ्या मापांत एक काळा ड्रेस होता. खालच्या कडेला वाळलेली माती होती, ताज्या थडग्याशी उभं राहिल्यावर लागते तशी. त्यानंतरच्या कपड्यांवर व्हर्लिनचे टाके थांबले. फाटलेलं फाटलेलंच राहिलं होतं, बटणांच्या जागी सेफ्टी पिना होत्या.

व्हर्लिन पलंगाच्या कडेवर बसला.

“तू तेव्हा कोणासाठी मागितलं होतंस?” आर्डिसनं विचारलं. तीस वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. “हॉस्पिटलात. तू प्रार्थना केली असशील ना.”

“तुझ्यासाठी.”

“आणि तिच्यासाठी?”

“दोघींसाठी मागायला घाबरलो. म्हटलं, जास्त मागितलं तर काहीच मिळणार नाही. तुझ्यासाठी मागितलं.” त्यानं हिरव्या फ्रॉकची दुमड दोन्ही हातांत धरली होती. “मला वाटलं, एकट्याला पोरगी वाढवायला जमायचं नाही. वेणी घालणं, शिवणं. मला वाटलं, मला जमणार नाही.”

त्यानं फ्रॉक तिच्यापुढे धरला.

“बघ. जमत होतं.”

६

त्यानंतर व्हर्लिन बागेत कमी आणि वर जास्त असायचा. खुर्ची पेटीजवळ ओढून तो नुसता बसून राहायचा. टोमॅटो वेलीवर फुटले, त्यांवर माश्या बसू लागल्या. आर्डिस स्टूल घेऊन बाहेर जायची आणि हाताला येतील तेवढे काढायची. जेवायला हाक मारली की तो यायचा, पण जिना उतरताना मध्येच थांबून कान देऊन ऐकायचा. एकदा त्यानं तिला मार्गिट म्हणून हाक मारली आणि त्याच्या लक्षातही आलं नाही.

तिनं फार विचार केला. वेड एकट्याला लागतं, दोघांना एकदम कसं लागेल? पण घरात दोघंच असली तर लागतही असेल. पाद्र्याला बोलावलं तर तो कॉफी पिऊन, दोघांसाठी प्रार्थना करून निघून जाईल. पेटी जाळावी म्हटलं तर तीत मार्गिटचे खरे कपडेही होते. मग तिला सुचलं, की हे सगळं ज्याच्यासाठी काढलं होतं तेच करावं. कापावं. तुकडे करावेत. तुकड्यांचे चौकोन झाले की ते कपडे राहणार नाहीत, आणि घालायला कपडेच उरले नाहीत तर कदाचित येणारीही येणार नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी ती मोठी कात्री घेऊन वर गेली. शेवटचा आलेला तपकिरी ड्रेस पेटीवर पसरला. खांद्याची शिवण उसवली होती आणि तिथे पिन लावलेली होती. चाळिशीच्या बाईचा ड्रेस. मार्गिट असती तर चाळिशीचीच असती.

व्हर्लिन दारात येऊन उभा राहिला.

“काप,” तो म्हणाला. “मी अडवणार नाही.”

“तू तिच्याकडे जाणार आहेस,” आर्डिस म्हणाली. तिला वाटलं होतं तो नाही म्हणेल, निदान काय बोलतेस तरी म्हणेल.

“तिच्याजवळ तिथे आता कुणी नाही, आर्डिस. पिना लावून फिरतेय.”

“आणि माझ्याजवळ इथे कोण आहे?”

तो आत आला, तिच्या हातातली कात्री न घेता तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि खाली गेला. मागचं दार उघडल्याचा आवाज आला, मग पंपाचा. तो टोमॅटोंना पाणी घालत होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

आर्डिसनं कात्रीची पाती त्या ड्रेसच्या कडेला लावली. कापड हाताला ऊबदार होतं. तिच्या हाताला गोधड्यांसाठी आयुष्यभर कापडं कापायची सवय होती, पण तो हात मिटेना. तिनं पिन काढली, सुई ओवली आणि उसवलेला खांदा शिवायला घेतला. जमेल तितका बारीक टाका घातला, डोळ्यांना दिसेनासं झालं तरी बोटांच्या अंदाजानं. शिवून झालं तेव्हा तिनं ड्रेस घडी करून पेटीत ठेवला आणि झाकण हळूच खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी तो पेटीत नव्हता.

७

मग काही दिवस फार चांगले गेले. व्हर्लिन पहिल्यासारखा वागू लागला. त्यानं कांदे काढून ओसरीवर वाळत घातले, बटाटे तळघरात लावले. जेवताना म्हणाला, की यंदा लसूण जास्त लावू. संध्याकाळी तिच्या चौकटीशेजारी बसून सुया ओवून देत राहिला, आणि लव्होनच्या मुलीच्या गोधडीची किनार शेवटी पुरी झाली. तिला वाटलं, टळलं.

थंडी पडायच्या आधी उरलेला घेवडा काढायचा होता. सकाळची वेळ होती, ऊन पसरलं होतं. आर्डिस मोरीशी भांडी घासत होती आणि समोरच्या खिडकीतून बाग दिसत होती. व्हर्लिन टोपली घेऊन काठ्यांवर चढलेल्या घेवड्याच्या ओळीत उभा होता. त्याचे ओठ हलत होते. तो एकटा असतानाही बागेत बोलायचा, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही.

मग तिनं पाहिलं की तो शेंगा टोपलीत टाकत नव्हता. वेलींच्या पलीकडे हात करून कुणाला तरी देत होता.

पलीकडे कुणीतरी वाकलं होतं. पानांमधून पाठ दिसली, बाईची, रुंद, तपकिरी. ती सावकाश सरळ झाली आणि कमरेला मागून हात लावला, वाकून थकलेल्या बाया लावतात तसा. चेहरा पानांआड होता. तपकिरी खांद्यावरची शिवण मात्र आर्डिसला त्या अंतरावरून दिसली. दिसणं शक्य नव्हतं, आणि तरी दिसली.

तिनं काचेवर हात ठेवला. व्हर्लिन वळला आणि त्यानं घराकडे पाहिलं. सरळ तिच्याकडे. तिनं हात वर केला. त्याची नजर खिडकीवरून सरकत गेली, शांतपणे, किंचित दुःखानं. ज्या घरातलं माणूस कधीचंच वारलंय त्या घराच्या खिडकीवरून सरकते, तशी.

आर्डिस पाय ओढत बाहेर धावली. पायरीवर पडली, उठली. ओळीत पोचली तेव्हा टोपली अर्धी भरलेली होती आणि वेलीची पानं हलत होती. वारा नव्हता.

शेरीफची माणसं आली. नदीत पाहिलं, जंगलात पाहिलं. शेजारणींनी झाकलेल्या ताटल्या आणून ठेवल्या. लव्होन चार दिवस राहिली आणि म्हणत राहिली, की म्हातारे पुरुष चालत सुटतात, कुठेतरी सापडेल. आर्डिसनं कुणाला काही सांगितलं नाही.

८

बर्फाच्या आधी, ऑक्टोबरच्या शेवटी, तिनं पेटी उघडली. वर व्हर्लिनचा निळा शर्ट होता, गेला त्या दिवशी अंगावर असलेला. धुतलेला, इस्त्री केलेला. कोपरावर ठिगळ लावलेलं होतं, नवशिक्या हातानं, पण मन लावून. पोटावर तो दोन्ही बाजूंनी उसवून सैल केला होता.

कुणीतरी त्याला पोटभर जेवू घालत होतं.

ती शर्ट मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचा चर्चला जायचा गर्द निळा ड्रेस धुतला, वाळवला, इस्त्री केली आणि बटणं ओढून पाहिली. तो तिनं पेटीत सगळ्यांत वर ठेवला, बाह्या आत दुमडून. झाकण खाली आणलं आणि जिना उतरताना मागे वळून पाहिलं नाही. आज नको, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या सकाळीही ती वर गेली नाही, आणि तिसऱ्याही. स्वयंपाकघरात बसून ती वरच्या आवाजाकडे कान लावत होती.

मग ती गेली. ड्रेस होता. तिनं ठेवला होता तसाच, बाह्या आत दुमडलेल्या. हात लावला, तर गार. तिकडे ती बावन्न सालीच गेलेली होती, हा ड्रेस घालायला तिकडे कुणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यातही होता. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला लव्होन जेवायला घेऊन जायला आली तेव्हाही होता.

आर्डिसनं तो बाहेर काढला आणि तिथेच, खोलीतल्या गारठ्यात, अंगात घातला. मग वरून व्हर्लिनचा जुना कोट चढवला. लव्होन खाली गाडी चालू ठेवून थांबली होती, तिला हातानं थांब अशी खूण करून ती बागेत गेली. स्ट्रॉबेरीचे वाफे अजून उघडे होते. आज ना उद्या जमीन गोठणार होती. तिनं कोठारातून पेंढ्याचा गठ्ठा ओढत आणला, गुडघे टेकले आणि रोपांवर पेंढा पसरायला लागली.